विंटर टायर खरंच लागतात का, की ऑल सीझनवर भागतं?

निरभ्र (किचनर, ऑन्टॅरिओ)

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकहून या वर्षीच इकडे आलो. मे महिन्यात जुनी कोरोला घेतली, २०१९ची, फ्रंट व्हील ड्राइव्ह. टायर ऑल सीझन आहेत आणि बाजूला 'एम+एस' असं लिहिलंय, म्हणजे चिखल आणि बर्फ दोन्हीला चालतात असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आता नोव्हेंबर लागला तसा जो तो एकच विचारतोय, "टायर बदलले का?" दुकानात चौकशी केली तर चार टायर आणि स्टीलच्या रिम धरून बाराशे डॉलरच्या आसपास सांगितले. नवऱ्याचं म्हणणं, कायदा सक्ती करत नाही तर कशाला? मला ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जायचं असतं, तेही वॉटर्लूला, दहा-पंधरा मिनिटांवर. त्याला मात्र रोज ग्वेल्फला जावं लागतं, पहाटेची शिफ्ट. गाडी एकच.

इथे बरीच वर्षं काढलेल्यांनी कृपया सांगा, ही गरज आहे की दुकानदारांनी घातलेली भीती?

---

जुनाजाणता (नेपरव्हिल, शिकागोजवळ)

भीती. स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मी शिकागोच्या परिसरात वीसेक वर्षं गाडी चालवतोय, कायम ऑल सीझनवर. खड्ड्यात गेलो नाही, कुणाला ठोकलं नाही. बर्फ पडला की तासा-दोन तासांत मोठे रस्ते साफ होतात, मीठ टाकतात. जोराचा पडत असेल तेव्हा घरी बसायचं, चहा घ्यायचा. टायरच्या खाचा भरपूर खोल असू द्या, वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून लांब राहा, एवढं पुष्कळ झालं. बाराशे डॉलरमध्ये भारताचं एक तिकीट येतं हो!

---

टवाळ (एडिसन, न्यू जर्सी)

काका, कुठल्या सीझनमधलं तिकीट ते? 'ऑल सीझन'मधलं की विंटरमधलं? डिसेंबरात बाराशेत परतीचं मिळवून दाखवा, मी स्वतः तुमचे टायर बदलून देतो.

---

मॅपलपान (मॉन्ट्रियल)

आमच्याकडे हा प्रश्नच निघत नाही, कारण कायदा आहे. २००८ सालापासून क्वेबेकमध्ये नोंदवलेल्या गाड्यांना हिवाळ्यात विंटर टायर सक्तीचे आहेत. सुरुवातीला १५ डिसेंबरपासून होते, २०१९ पासून १ डिसेंबर ते १५ मार्च. सापडलात तर २०० ते ३०० डॉलर दंड, वर इतर खर्च. नुसता 'एम+एस' चालत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं चिन्ह टायरच्या बाजूला लागतं. निरभ्र, एकदा खाली जाऊन बघून या, तुमच्या टायरवर ते चिन्ह आहे का. नुसती अक्षरं असतील तर तो थंडीचा टायर नाही.

तारखांकडे कुणी बघत मात्र नाही. पहिला बर्फ बहुतेकदा नोव्हेंबरातच येतो आणि त्या आठवड्यात टायरवाल्यांकडे अशी झुंबड उडते की फोनसुद्धा उचलत नाहीत. ऑक्टोबरातच वेळ घेऊन ठेवायची.

ब्रिटिश कोलंबियातही डोंगरातल्या महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागू होतो, पण तिथे 'एम+एस' चालतो. त्यामुळे कॅनडाभर एकच नियम आहे असं समजू नका. ऑन्टॅरिओत सक्ती नाही, हे तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

---

प्रा_उनाड (मिनिॲपोलिस)

कायदा राहू द्या बाजूला, रबराकडे बघू. लोक 'स्नो टायर' म्हणतात आणि मग बर्फ किती पडतो यावर वाद घालत बसतात. पण खरा फरक बर्फ पडायच्या आधीच सुरू होतो. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. खोबरेल तेलाची बाटली हिवाळ्यात थिजते, तसंच समजा. रबर नरम असेल तर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसतं, पकडतं. कडक झालं की वरून घसरत जातं. विंटर टायरमध्ये सिलिका जास्त आणि मिश्रणच वेगळं असतं, ते उणे वीसलाही नरम राहतं. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फ पकडतात, बर्फावरची पाण्याची पातळ फिल्म त्यांच्यात शोषली जाते.

आता हिशेब. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे रस्त्यावरच्या पकडीचा आकडा, ०.८ धरला तर ब्रेक मारल्यावर गाडी १२ मीटरच्या आसपास थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर ०.३ धरा, ३३ मीटर. आणि ०.२ धरलात तर ४९. म्हणजे घर्षणांकात नुसत्या ०.१ चा फरक पडला तरी तीन-चार गाड्यांच्या लांबीइतका रस्ता जास्त लागतो. टायर बदलून आपण विकत घेतो तो एवढाच फरक. निव्वळ काचेसारख्या बर्फावर ०.१ धरला तर जवळजवळ १०० मीटर, तिथे कुठलाही टायर जादू करत नाही.

एक उलटं वाटेल, पण खरं आहे: उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त घसरडा असतो, कारण वर पाणी सुटलेलं असतं. म्हणजे किचनर-टोरोंटोकडचा मिळमिळीत हिवाळा आमच्या मिनेसोटाच्या कडक हिवाळ्यापेक्षा ब्रेकला जास्त वाईट असू शकतो.

---

जुनाजाणता

प्राध्यापक, हिशेब मान्य. पण तुमच्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे. वेग ५० वरून ३५ वर आणला तर अंतर निम्मं होतं. तो उपाय फुकट आहे.

---

प्रा_उनाड

अगदी बरोबर, आणि तो सगळ्यांनी करायलाच हवा. फक्त मागून येणारा ट्रक तुमच्यासारखा शहाणा असेल याची खात्री तुम्ही देणार का? आणि ३५ ने जाणाऱ्या गाडीलासुद्धा चढावर चढायला आणि वळणावर वळायला पकड लागतेच.

---

रातपाळी (बॅरी, ऑन्टॅरिओ)

मी नर्स आहे. "जोराचा पडत असेल तेव्हा घरी बसायचं" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. काका, घरी बसणं सगळ्यांच्या हातात नसतं. माझी रात्रीची ड्यूटी सातला सुरू होते, दिवसाची माणसं तोवर थांबलेली असतात, मी पोहोचल्याशिवाय ती निघू शकत नाहीत.

बॅरी जॉर्जियन बेच्या, म्हणजे ह्युरॉन तळ्याच्याच एका भागाच्या, वाऱ्याखाली येतं. तळ्यावरचं पाणी अजून गोठलेलं नसतं, त्यावरून गार वारा वाफ उचलून आणतो आणि आमच्यावर ओततो. टोरोंटोत ऊन असतं आणि इथे ४०० नंबरच्या हायवेवर समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. बर्फ बाजूला ढकलणारा नांगर येऊन गेला तरी पंधरा मिनिटांत रस्ता पुन्हा पांढरा.

टायर काय करतात ते एका जागी नीट कळतं. हायवेवरून उतरायचा रॅम्प असतो ना, उताराचा, शेवटी सिग्नल. तिथे दिवसभर गाड्या थांबून-थांबून बर्फ घोटून चकचकीत झालेला असतो. ब्रेकवर पाय ठेवला की पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची) घरघर लागते, पेडल उलटं ढकलतं. जुन्या गाडीवर ऑल सीझन होते तेव्हा ही घरघर रॅम्पच्या मध्यापासून थेट पांढऱ्या रेषेपर्यंत चालायची आणि मी मनात गणपती म्हणायचे. विंटरवर तीच घरघर होते, पण थोडी. मग टायर पकडतात आणि गाडी थांबते. आकडे मला माहीत नाहीत, ते प्राध्यापक सांगतील. मला पायाला जाणवतं ते सांगितलं.

निरभ्र, तुमचं वॉटर्लू सोडा. मिस्टरांची पहाटेची शिफ्ट बघा. पहाटे चार-पाचला ग्वेल्फच्या रस्त्यावर नांगर आलेला नसतो, मीठ पडलेलं नसतं आणि रात्रीतली सगळ्यात जास्त थंडी तेव्हाच असते.

---

मॅपलपान

+१. या धाग्यावरचा पहिला कामाचा प्रतिसाद. माझा धरून.

---

दक्षिणायन (डॅलस, टेक्सास)

थोडी दुसरी बाजू. आमच्या शेजारी, फोर्ट वर्थला, ११ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी आय-३५ डब्ल्यू महामार्गावर १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. तिथे धड बर्फही पडलेला नव्हता, पावसाचं पाणी रस्त्यावर गोठलं होतं. डांबर नुसतं ओलं दिसतं, असतो बर्फ. तिथे कुणाकडे विंटर टायर असते तरी काय फरक पडला असता? आमच्याकडे कुणी ते टायर विकतसुद्धा नाही. तेव्हा "थंडी म्हणजे विंटर टायर" असं सरसकट नको.

---

प्रा_उनाड

बरोबर, टेक्सासला मीही घ्या म्हणणार नाही. वर्षातून दोन-चार दिवस असं होणार असेल तर गाडी घरी ठेवणं हाच शहाणपणा. पण एक लक्षात ठेवा, पूल आणि उंचावरचे रस्ते आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब नसते. बाकी रस्ता कोरडा दिसतोय म्हणून पुलावर त्याच वेगाने जाऊ नये. मिठाचंही तेच. उणे ९-१० च्या खाली साधं मीठ जवळजवळ निकामी होतं, त्यामुळे "मीठ टाकलंय" याचा भरवसा तापमान बघून धरावा.

---

डोंगरवाट (डेन्व्हर)

कुणीतरी "आमची ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला गरज नाही" असं लिहिण्याआधीच उत्तर देऊन ठेवतो. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी *निघते* छान. थांबते ती टायरवर, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. सहज निघते म्हणून माणूस जोरात जातो आणि उतारावर त्याला कळतं. आमच्याकडे डोंगरातून परत येताना बाजूच्या खड्ड्यात ज्या गाड्या दिसतात त्यात मोठ्या, महागड्या एसयूव्ही कमी नसतात.

इथे आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे नियम असतो: टायरला ३/१६ इंच, म्हणजे पाच मिलिमीटरला जरा कमी खाच हवीच, आणि टायर विंटरचे, डोंगराच्या चिन्हाचे किंवा 'एम+एस' हवेत. नाहीतर चाकांवर चढवायच्या लोखंडी साखळ्या बाळगा. ऑल व्हील ड्राइव्हला सूट आहे, पण खाचेच्या खोलीतून नाही. म्हणजे कायद्यालाही गोटा टायर मान्य नाहीत, गाडी कितीही भारी असो.

---

टवाळ

पुण्यात गोटा टायरवर अख्खं आयुष्य जातं. पंक्चरवाला म्हणतो, "साहेब, अजून सहा महिने सहज चालतील."

---

पाना_नं_दहा (ब्रॅम्प्टन)

मी इकडे आल्यावर काही वर्षं टायरच्या दुकानात काम केलं. विकणाऱ्याच्या बाजूचं ऐका आता.

लोक सगळ्यात मोठी गडबड करतात ती म्हणजे दोनच टायर घेणं. "फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पुढे दोन टाका." अजिबात नको! पुढचे पकडतात, मागचे घसरतात, वळणावर ब्रेक लागला की गाडीची शेपटी फिरून पुढे येते. चार नाहीतर एकही नाही. एखादा दुकानदार दोन बसवून द्यायला तयार झाला तर त्याच्याकडे जाऊच नका.

रिम वेगळ्या घ्या. दर वर्षी दोनदा त्याच रिमवरून टायर उतरवायचे-चढवायचे म्हणजे मजुरी, वर टायरची कड खराब. स्टीलच्या रिम दिसायला ओबडधोबड असतात पण मीठ आणि खड्डे झेलतात. शक्य असेल तर एक माप लहान रिम आणि अरुंद टायर घ्या, स्वस्त पडतो आणि बर्फात चांगला रुततो. मात्र गाडीला कुठलं माप चालतं ते दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि माहितीपुस्तक बघून ठरवा, अंदाजपंचे नको. हवेच्या दाबाचे सेन्सर नव्या रिममध्ये नसतील तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा अख्खा हिवाळा पेटलेला राहील.

वापरलेले टायर घेत असाल तर बाजूला 'डीओटी' लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाच कितीही खोल असो, रबर जुनं झालं की कडक होतं, मग त्याला विंटर म्हणून पैसे कशाला द्यायचे? खोली ४ मिलिमीटरवर आली की हिवाळ्यासाठी तो संपला, कायदा त्याहून कमीलाही सोडत असला तरी.

खर्चाचं म्हणाल तर बाराशे हे पूर्ण बाराशे नसतात. हिवाळ्यात हे झिजतात तेव्हा तुमचे ऑल सीझन घरात आराम करत असतात, ते तेवढे जास्त चालतात. शिवाय १ जानेवारी २०१६ पासून ऑन्टॅरिओतल्या विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते. फार नसते, पण मागितल्याशिवाय लावत नाहीत. फोन करा.

---

निरभ्र

बापरे, एवढी माहिती! खाली जाऊन बघून आले. डोंगराचं चिन्ह नाही, नुसतं एम+एस. डीओटीचे आकडे ०८१९, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर दिसतात. रातपाळी ताई, शिफ्टचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हं." एवढंच. हा त्याच्याकडून होकार असतो साधारण.

आणखी एक. दुकानात 'ऑल वेदर' म्हणून एक प्रकार दाखवला, वर्षभर तेच ठेवायचे, त्यावर डोंगराचं चिन्ह आहे. ते घेतले तर दोन-दोन सेटची कटकट नको. ते कसे?

---

पाना_नं_दहा

ऑल सीझनपेक्षा नक्की चांगले, पक्क्या विंटरपेक्षा कमी. तुमच्यासारखी एकच गाडी, अपार्टमेंट, साफ होणारे रस्ते, यांना पुष्कळ लोक तेच घेतात. किचनरला मी नाही म्हणणार नाही. बॅरीला, उत्तरेकडच्या सडबरीला म्हणेन.

---

प्रा_उनाड

त्या चिन्हाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. 'एम+एस' हे टायर बनवणाऱ्याने स्वतःच छापायचं असतं, खाचांच्या रचनेवरून. त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. डोंगर-हिमकणाच्या चिन्हाला लागते, दाबलेल्या बर्फावर एका प्रमाण टायरशी तुलना करून. पण उत्तर अमेरिकेत ती चाचणी गाडी *पळवायची* आहे, थांबवायची नाही. आणि घट्ट बर्फाच्या काचेवर तर नाहीच. म्हणून चिन्ह एकच असलं तरी ऑल वेदर आणि पक्का विंटर एकसारखे नसतात. चिन्ह म्हणजे पास होण्यापुरते मार्क.

---

स्टुटगार्टची_सून (जर्मनी)

आमच्याकडे तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. रस्त्यावर बर्फ, राड किंवा गोठलेलं पाणी असेल तर विंटर टायर हवेतच. नसले आणि पकडलं तर ६० युरो आणि लायसन्सवर एक पॉइंट. आधी इथेही एम+एस चालायचे, पण २०१८ पासून बनलेल्या टायरना डोंगराचं चिन्ह लागतं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्यांची सूटही संपली. इथल्या लोकांचं साधं गणित असतं, ऑक्टोबर ते ईस्टर. सासूबाई कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

युरोपात टायरच्या लेबलवर २०२१ पासून दोन वेगळी चित्रं असतात, एक पडलेल्या बर्फावरच्या (स्नो) पकडीचं आणि एक काचेसारख्या गोठलेल्या बर्फावरच्या (आइस) पकडीचं. प्रा. उनाड म्हणतात तो फरक तिथे दिसतो. आमच्याकडे विकले जाणारे बरेच चांगले विंटर टायरसुद्धा दुसऱ्या चित्राशिवाय असतात, कारण ते ऑटोबानवरच्या ओल्या, थंड रस्त्याला धरून बनवलेले असतात.

---

बर्फाळ_वाट (टाम्पेरे, फिनलंड)

ते दुसरं चित्र आमच्यासाठी! इथे निम्म्याहून जास्त वर्ष लोक हवामानावरच बोलतात, म्हणून टायरवरही बोलतात. आमच्या शेजारच्या नोकिया गावातच जगातला पहिला विंटर टायर बनला, १९३४ साली, ट्रकसाठी. कारसाठीचा १९३६ मध्ये आला. फोनवाली नोकिया आणि टायरवाली कंपनी एकेकाळी एकाच घरातल्या, पुढे वेगळ्या झाल्या.

इथे बहुतेक गाड्यांना खिळ्यांचे टायर असतात. घोटलेल्या बर्फावर त्याला तोड नाही, पण कोरड्या रस्त्यावर आवाज भयंकर, आणि खिळे डांबर खरवडतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळला की शहरात त्या धुळीचा खकाणा उठतो, दम्याच्या लोकांचे हाल होतात. जर्मनीत खिळ्यांना बंदी आहे, दक्षिण ऑन्टॅरिओतही बहुधा नाहीच चालत?

---

पाना_नं_दहा

नाही चालत. उत्तर ऑन्टॅरिओवाल्यांनाच परवानगी. किचनरला खिळे लावलेत तर दंड होईल.

---

सह्यकडा (पुणे)

अवांतर होतंय, पण इथे जाणकार जमलेत म्हणून विचारतो. जानेवारीत आम्ही चार मित्र डिझेल एसयूव्ही घेऊन मनालीला जातोय, जमलं तर अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत. भारतात विंटर टायर सहज मिळत नाहीत. साखळ्या पुरतील?

---

डोंगरवाट

मी पुण्याचाच, ती सहल केलेली आहे. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या पुढे ४x४ शिवाय सोडत नाहीत, पुष्कळदा साखळ्याही बघतात. गुलमर्गलाही तंगमर्गपासून वर तीच गोष्ट. तुमची गाडी ४x४ नसेल तर स्थानिक गाडी करून जा, हट्ट नको.

साखळ्या घेतल्यात तर पुण्यातच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा. उणे पाचात, हातमोज्यांनी, रस्त्याच्या कडेला, मागे हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा डबा उघडायचा नसतो. ज्या चाकांना इंजिन जोर देतं त्यांना लावायच्या. वेग ४०च्या आतच. डांबर दिसलं की लगेच काढा, नाहीतर साखळी तुटून मडगार्ड फाडते. आणि तिथल्या उतारांवर गिअरवर उतरा, ब्रेकवर नाही.

डिझेलचं एक: महाराष्ट्रातून टाकी फुल करून नेलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं होतं, सकाळी गाडी चालूच होत नाही. वर जाताना टाकी रिकामी होऊ द्या आणि डोंगरातल्या पंपावर भरा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल आणलं, ते याच कारणासाठी.

---

सह्यकडा

४x४ नाही. स्थानिक गाडीच बघतो मग. ग्रुपवर भांडण होणार आता. आभार.

---

जुनाजाणता

एवढं सगळं वाचलं. माझं मत माझ्यापुरतं तेच आहे: मी निवृत्त झालोय, मला पहाटे कुठे जायचं नसतं, माझ्या घरापासून मोठा रस्ता दोन मिनिटांवर. मी नाही घेणार. पण निरभ्र, तुमच्या घरात पहाटेची शिफ्ट आहे हे पहिल्यांदा वाचताना मी लक्षात घेतलं नव्हतं. तुम्ही घ्या. रातपाळी ताई, तुमचं बोलणं लागलं नाही, लागायला हवं तेवढंच लागलं.

आणि एक राहिलं, ते कुणी लिहिलं नाही. कुठलेही टायर असोत, तुफान आलं की घरी. २०२२ च्या नाताळात बफेलोला जे वादळ झालं त्यात ईरी काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीतच अडकून. गाड्यांना बंदी जाहीर केली होती तरी लोक रस्त्यावर होते. गाडी बर्फात रुतली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं तर आधी बाहेर येऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर धूर आत येतो.

---

रातपाळी

काका, हे मात्र शंभर टक्के. त्या दिवशी आम्ही हॉस्पिटलातच झोपतो, घरी येतच नाही.

---

मॅपलपान

आणि गाडीत एक ब्लँकेट, छोटं फावडं, फोनची बॅटरी. काच धुवायचं पाणी उणे ४० वालं भरा, उन्हाळ्यातलं निळं पाणी नळीतच गोठतं.

---

निरभ्र

ठरलं. नवरा म्हणतोय घ्यायचेच तर पक्के विंटर, चारही, स्टीलच्या रिमवर. शनिवारची वेळ मिळाली, सकाळी साडेसातची, तीसुद्धा कुणीतरी रद्द केली म्हणून. ऑल वेदर पुढच्या वेळी बघू, हे ऑल सीझन झिजल्यावर. विमा कंपनीला फोन केला, पावती पाठवा म्हणाले.

काढलेले टायर ठेवायचे कुठे हा प्रश्न आहे. बाल्कनीत ठेवू म्हटलं तर बिल्डिंगवाले नाही म्हणतात.

---

पाना_नं_दहा

बऱ्याच इमारतींत चालत नाही, आगीच्या नियमामुळे. ज्या दुकानात बदलताय त्यांनाच विचारा, सीझनचे काही पैसे घेऊन ठेवून घेतात. घरात ठेवायचेच तर धुवून, कोरडे करून, काळ्या पिशवीत, उन्हापासून लांब. कुठला टायर कुठल्या चाकाचा ते खडूने लिहा. तुमचे रिमसकट नसतील, म्हणजे नुसते टायर, तर आडवे रचू नका, उभे ठेवा.

हवा आठवड्याने तपासा. तापमान पाच-सहा अंश उतरलं की एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जातो. दुकानाच्या आत गरम हवेत ३५ भरलेले असतील तर उणे १५ ला ते २९ वर आलेले असतील.

आणि शनिवारी घरी आल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की परत जाऊन नट आवळून घ्या. रिम नव्या आहेत, बसायला वेळ घेतात. फुकट करून देतात, लाजू नका.

---

निरभ्र

शंभर म्हणजे ग्वेल्फच्या दोन-तीन फेऱ्या. बुधवारी पाठवते त्याला.